श्रीपतदादा संध्याकाळच्या गाडीनं परत आला

मंडळी, सरपंचांनी मला बोलायला उभं केलं. पलटणीतला माणूस आहे, चार माणसांत बोलेल, असं त्यांना वाटलं असावं. पण सख्ख्या भावाबद्दल बोलायचं म्हटलं की तोंड उघडत नाही. आज तेरावा झाला. अमडापूरहून, मेहकरहून पाहुणे आले. तुम्ही सगळे कामधंदा टाकून बसलात. तुमचे उपकार आहेत. तरी मी जे बोलणार आहे ते तुम्हाला गोड लागणार नाही. मलाही लागत नाही.

आत्ता तीन-चार जण बोलले. प्रत्येकानं म्हटलं, "आपले मेजर गेले." एका पाहुण्यांनी मला हळूच विचारलं, तुमचे भाऊ कोणत्या पलटणीत होते? पाहुणेहो, माझा भाऊ श्रीपत कधीच पलटणीत नव्हता. तो शेतकरी होता. रानात पाणी देताना त्याला पान लागलं, साप चावला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. मेजर हे गावानं त्याला चिडवायला ठेवलेलं नाव. दहा वर्षं चिडवलं. इतकं, की आज शोकसभेतही जिभेवर तेच आलं.

चीनची लढाई सुरू झाली तेव्हाचं आठवतं ना? बुलढाण्याला भरती निघाली. आपल्या गावातून दोघं निघालो, श्रीपतदादा आणि मी. भरतीत आधी पळवतात, छाती मोजतात, डॉक्टर तपासतो, मग घेतात. पण आपल्याला कुठला धीर? आपण आधीच मिरवणूक काढली. डफडं वाजवलं, बायांनी ओवाळलं, वेशीवर नारळ फोडला, गुलाल उधळला. दादा एवढंच म्हणत होता, "जाऊन पाहतो, मंग ठरवतो." डफड्याच्या आवाजात ते कुणाला ऐकू येणार?

बुलढाण्याच्या मैदानात आम्ही दोघंही पास झालो. हो, दादाही पास झाला, माझ्याआधी झाला. हे मी पहिल्या सुट्टीवर आलो तेव्हाही सांगितलं होतं. तुम्ही हसलात. म्हणालात, "भाऊ हाय, झाकणारच." शेवटी साहेब म्हणाले, ज्यांची मनापासून तयारी असेल त्यांनीच पुढं या. दादा बाजूला झाला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, "दादा, काऊन? गावात काय तोंड दाखवशीन?"

"हेच दाखवीन," तो म्हणाला. "मले माणूस मारणं जमणार नाही, अन् मरायचंही मन नाही. घरी लेकरू हाय. साहेबापाशी खोटं काऊन बोलू?" मग माझ्याकडं पाहिलं. "तुले मनातून जायचं असंन तं जा बे. गुलालापायी जाऊ नको."

मी गेलो. तो संध्याकाळच्या गाडीनं परत आला. कपाळावर गुलाल तसाच. गाडीतून उतरला तर कुणीतरी ओरडलं, "आले मेजर, लढाई जिंकून आले!" पुढचं तुम्हाला माहीत आहे. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की, "मेजरचे बैल मांगं घ्या." पंगतीत बसला की, "मेजरले वाढा, थकून आले." एकदा दारात बांगड्या टाकल्या कुणीतरी. वहिनींनी सकाळी त्या गुपचूप उचलल्या.

आणि मी सुट्टीवर आलो की माझ्या गळ्यात हार. तो हार घालून मी दादाच्या शेजारी बसायचो. मंडळी, मला लाज वाटते. माझी वर्दी दाखवून तुम्ही माझ्या भावाला टोचत होता, आणि मी तीच वर्दी घालून गावभर हिंडत होतो.

अजून लाज वाटते ती वेगळ्या गोष्टीची. तुम्ही मला शूर म्हणता. मी का गेलो, माहीत आहे? देशासाठी? तसं म्हणायला मी नंतर शिकलो.  त्या दिवशी मैदानातून मलाही घरी यायचं होतं. पण मला तुमची भीती वाटली. चीनची कमी, तुमची जास्त. दादाला तुमची भीती वाटली नाही. आम्हा दोघांत धीट कोण, ते आता तुम्हीच सांगा.

लष्कराला नावं ठेवायला मी उभा नाही. पुढं माझंही मन तिथं लागलं. मनापासून आलेली माणसं मी पाहिली, त्यातली काही परत आली नाहीत. त्यांच्यापुढं माझी मान झुकते. मी उभा आहे तो आपल्या गजाननसाठी. दादाचा हा मुलगा, इथं डोकं भादरून बसला आहे. येत्या सोमवारी पुन्हा बुलढाण्याला भरती आहे. काल तो मला म्हणाला, "काका, मी जातो. बाबाचं नाव धुऊन काढतो." मी विचारलं, "तुले पलटण आवडते का?" तर म्हणाला, "आवडायचं काय त्याच्यात? लोकं तरी गप बसतीन." वहिनी आत रडत होत्या. आणि मंडळी, तुमच्यापैकी दोघं-तिघं कालच डफडेवाल्याला सांगून आले आहेत. हो, मला कळलं.

गजानन, इकडं पाह्य. तुह्या बापाच्या नावाले काहीच लागलं नाही, तं धुशीन काय? मन असंन तं जा. मी सोबत येतो. नसंन तं नको जाऊ. अन् तिथं उभं राहून मन फिरलं, तरी बापासारखं खरं सांग अन् घरी ये.

मंडळी, तुम्हाला हात जोडून एकच मागणं आहे. सोमवारी कुणी वेशीपर्यंत येऊ नका. डफडं नको, ओवाळणं नको. पोरगं बाजाराला निघाल्यासारखं निघू द्या. आणि संध्याकाळी ते गाडीतून परत उतरलं, तर एवढंच विचारा, जेवलास का. माझ्या भावाला त्या दिवशी ते कुणीच विचारलं नव्हतं. दिवसभराचा उपाशी होता तो.

आता सगळे उभे राहू. श्रीपतबद्दल आपण दहा वर्षं बोललो. आता दोन मिनिटं गप्प राहू.