अळू घुशीनं नाय खाल्लं

मी मूळचा पेठकडचा, डोंगरातला. शाळेत दोन दिवस गेलो, पयल्या दिवशी पाटी फुटली, दुसऱ्या दिवशी मास्तर म्हनला तू आपला ढोरं राख बाबा, आन ढोरं राखली तर तीबी हरवली, असा मी. मग त्र्यंबकला आलो, एका लॉजात लागलो, वीस वर्सं तरी झाली असतील, बाथरूमा धुतो. नाव माझं नामदेव, पन लॉजात समदे मोरीमामा म्हनत्यात, मीबी वळून बघतो.

आता लॉजात काय असतं, प्लास्टिकच्या बाटल्या. निळं पानी, पिवळं पानी, आन एक ॲसिड, वास घेतला की डोळे गळायला लागत्यात. मला वाचता येत नाय, मी रंगावरून वळखतो. मॅनेजर म्हनतो मामा, बादलीभर पान्यात झाकनभर टाकायचं, तर मी झाकनभरच टाकतो, तिथं लय इमानदार हाय मी. घरी नाय राहिलो, तेच तर सांगायलोय ताई.

घरी आमची मंडळी, सीता. ती बाटलीतलं काय आनायचीच नाय. मोरी घासायची राखनं आन लिंबाच्या सालीनं, अंग घासायला वाळल्या घोसाळ्याची जाळी, डोक्याला रिठा आन शिकेकाई. मी लॉजातल्या उरलेल्या साबनाच्या वड्या आनायचो, शाम्पूच्या पुड्या आनायचो, म्हनायचो आगं जग कुठं गेलं, तू अजून राखंत बसली. ती म्हनायची माझं पानी अळूला जातं, तुमचं कुठं जातं ते तुम्ही बघा. कारन आमच्या मोरीचं पानी मागच्या दारी अळूच्या वाफ्यात जायचं. आन अळू कसलं ताई, काळ्या देठाचं, जराबी खाजत नव्हतं. तिच्या आईनं कळवनवरून दिलेलं, लग्नात, फडक्यात गड्डे बांधून. आई गेली, तिकडचं घर भावांनी पाडून नवं बांधलं, मागं आता फरशी हाय. म्हंजी ते अळू आमच्याच दारी राहिलेलं, दुसरीकडं कुठंच नाय.

आन मग लतीला, आमच्या पोरीला, बघायला देवळ्याहून पाव्हने यायचं ठरलं. मला काय सुचलं, आपली मोरी काळी. पाव्हने हातपाय धुवायला जातील आन म्हनतील पोरीचा बाप लॉजातल्या बाथरूमा चकचकीत करतो आन घरी हे. म्हनून लॉजातून ॲसिडची एक बाटली पिशवीत घालून आनली, न विचारता. सीता बाजारला गेलेली. आता झाकनभर टाकायचं का नाय, पन म्हनलं फुकटची हाय, अख्खीच ओत, पानीबी नको. ओतली. असा धूर निघाला की मी खोकत खोकत ओट्यावर येऊन बसलो, आन मोरी मात्र पांढरी फेक. मीच मला शाबासकी दिली, काय सांगू तुम्हाला. सीता आल्यावर म्हनली, आज लय घासली वाटतं.

पाव्हने आले, पोहे झाले, पोरगी पसंत पडली, गेले. चार दिवसांत अळूची पानं कडंनं करपली, मग देठ मऊ पडले, मग समदं आडवं. सीता म्हनली आवं हे काय झालं. आन मी, हे तोंड जळालं असतं तर बरं, मी म्हनलं घूस असंल, मुळं खाल्ली असतील.

तिला खरं वाटलं. शेजारनीचा पिंजरा आनला, त्यात भाकरीचा तुकडा लावला, रोज सकाळी उठून आधी पिंजरा बघायची. मी चहा पीत बघायचो. एकदा म्हनली आज भजं लावते, भाकरीला येत नाय ती. भजं लावलं ताई. तवा मात्र मी कप खाली ठेवला.

म्हनलं सीते, घूस मीच हाय. समदं सांगितलं. तिनं पिंजऱ्यातलं भजं काढून टाकलं. मग म्हनली, पाव्हन्यांनी मोरी बघितली का.

कुठली बघत्यात. पाव्हन्यांनी पाय धुतले ते दारात, बाहेरच्या नळावर, समदेच तिथं धुत्यात, आन चपला काढून बैठकीत. मोरीकडं कुत्रं फिरकलं नव्हतं.

तिनं गड्डे उकरले, समदे सडलेले, परत लावायला एकबी धड नव्हता.

आता घरी बाटली येत नाय. मोरी मी घासतो, राखनं, गुडघ्यावर बसून. लॉजात अजून तेच ॲसिड. मी मॅनेजरला म्हनलं साहेब, हे पानी खाली कुठंतरी कुनाच्या वाफ्यात जात असंल, तर तो म्हनला मामा, तू फरशी बघ. मग मी अर्धंच झाकन टाकतो आन ब्रश दुप्पट मारतो, तो म्हनतो वा मामा, चकाचक. सांगत नाय त्याला.

नाशिकला नर्सरीतून दुसरं अळू आनून लावलं मी. चांगलं माजलंय. सीता पानी घालती, वड्याबी करती, मला वाढती, म्हनती खा, चांगल्या झाल्यात. सोता एक घेत नाय. मी म्हनत नाय घे म्हनून. थोडं खाजतंय त्ये अळू, घशाला, पन मी गुमान खातो.