माझ्याच दारात मी बुडालो

बुडालो! अहो, चक्क बुडालो! आणि तेही कुठे, तर वाल्पाराईसोत, माझ्याच घरासमोर, कोरड्या ठणठणीत रस्त्यावर, पायात घरातल्या सपाता आणि हातात पावाची पिशवी... आणि परक्या कुणी बुडवलं असतं तर एक वेळ समजू शकलो असतो, पण घरच्या पोरीनं बुडवलं हो! पाच जणांसमोर! त्यातले तिघं तर ढसाढसा रडत होते, आणि मी? मी गप्प. पावाचा तुकडा तोंडात, आणि गप्प.

आता तुम्ही म्हणाल, नोल्बेर्तो, तू आणि गप्प? तेच तर! तुम्हाला सांगतो, छत्तीस वर्षं मी टेकडीवरचा असेन्सोर चालवला. ती हो, तारेनं ओढली जाणारी लाकडी खोली, बंदरातून माणसं भरायची आणि टेकडीवर नेऊन ओतायची. छत्तीस वर्षं! समुद्र रोज बघितला, पण वरून. बोटीत पाय ठेवलेला नाही, नुसतं धक्क्यावर उभं राहिलं तरी मला मळमळतं. आणि त्या खोलीत माणूस करणार काय? बोलणार! चढताना बोललो, उतरताना बोललो, निवृत्त झालो त्या दिवशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायको म्हणते त्या टाळ्या सुटकेच्या होत्या.

तर त्या दिवशी सकाळी मी पाव आणायला खाली गेलो. चार मार्राकेता घेतल्या, गरमागरम, अशा कडक सालीच्या की मोडताना आवाज व्हावा... आणि चौकात यास्ना उभी! यास्ना म्हणजे माझ्या बायकोच्या, ओर्तेन्सियाच्या बहिणीची मुलगी. इतिहास शिकलेली. पाहुण्यांना पायी फिरवून गाव दाखवायचं काम नुकतंच मिळालेलं, तीन आठवड्यांच्या बोलीवर. चेहरा पांढराफटक. मला बघितलं आणि माझा दंडच धरला.

'काका! देवासारखे भेटलात! आज माझा शेवटचा दिवस आहे. आमच्या साहेबीण इर्मा मॅडम स्वतः येतायत, वही घेऊन. मागच्या दोन फेऱ्यांत अर्धी माणसं अर्ध्या वाटेत पळून गेली. आज कशीबशी चार आलीत. पाच तरी हवीत हो! तुम्ही पाचवे व्हा.'

'मी? अगं मी इथला!'

'आज नाही. आज तुम्ही मेंदोसाहून आलायत. अर्जेंटिनाचे. आणि काका, तुमच्या पाया पडते, तोंड उघडू नका. एकदा उघडलंत की तुम्हीच गाव दाखवायला लागाल, आणि माझी नोकरी गेली! शब्द द्या.'

पोरीचे डोळे भरले होते हो. दिला शब्द.

तर आमची वरात निघाली. पुढे यास्ना, लाल छत्री उंच धरून. मागे ब्राझीलचं एक नवं जोडपं, एकमेकांना असे चिकटलेले की दोघांत मिळून दोनच पाय दिसत होते. मग एक लांबलचक जर्मन, सगळं लिहून घेणारा. मग उरुग्वेच्या एक बाई, भल्या थोरल्या, हातात आधीपासूनच रुमाल. मग मी. आणि सगळ्यांत मागे ती इर्मा मॅडम, पन्नाशीची, ओठ शिवल्यासारखे, वहीत टिकटिक टिकटिक खुणा करत.

दहा पावलं गेलो नाही तोच गॅसवाला सिलिंडर बडवत आला. 'काय नोल्बेर्तो! संपला का गॅस? वर आणून टाकू?'

जर्मन वळला. सपाता बघतोय माझ्या. यास्नानं काय म्हणावं? 'इथले लोक फार अगत्यशील, पाहुण्यांना गॅस विचारतात!' जर्मनानं लिहून घेतलं!

आणि मी? मी गप्प. मार्राकेताचा एक तुकडा मोडला, तोंडात कोंबला, आणि गप्प.

मग माझ्याच असेन्सोरपाशी आलो. यास्ना सांगतेय, 'अठराशे अमुक साली बांधला, रूळ अमुक मीटर, आणि दोन मिनिटांत वर पोचतो.' दोन मिनिटं! अहो दोन मिनिटं? एक मिनिट वीस सेकंद! पाऊस असला तर पंचवीस! छत्तीस वर्षं माझ्या हाताखाली चालली ती गाडी, आणि दोन मिनिटं? माझ्या घशापर्यंत आलं होतं... पाव कोंबला. अख्खा चतकोर. खाली ढकलला. मी गप्प!

पण खरं सांगू? पोर चांगलं सांगत नव्हती. म्हणजे खरं सांगत होती, सगळं खरं, आणि तिथंच घोळ होता! एकोणीसशे सहाचा भूकंप, मग पनामाचा कालवा झाला आणि आमच्या बंदराचं कसं दिवाळं वाजलं, किती जहाजं यायची, किती यायची बंद झाली, टन किती, खलाशी किती... आकडे, आकडे, आकडे! ब्राझीलवाला जांभई देतोय, ब्राझीलवाली त्याच्या जांभईत जांभई मिसळतेय, उरुग्वेच्या बाई पायरीवर बसून बूट काढून पाय चोळतायत. जर्मनानं पेन खिशात ठेवलं. जर्मनानं! आणि मागे टिकटिक टिकटिक. आता ती टिकटिक बरोबरची होती की चुकीची, ते तिच्या चेहऱ्यावरून देवालाही कळलं नसतं.

वाटेत आणि आमच्या टेकडीवरची ती ठिपक्यांची कुत्री आली धावत, सगळ्यांना सोडून माझ्याच पायांत घोटाळायला लागली. पोरंटोरं ओरडतायत 'दोन नोल्बेर्तो, दोन नोल्बेर्तो', दोन म्हणजे आमच्याकडे आदरानं म्हणतात हो, तर जर्मन मोजायला लागला, दुसरा नोल्बेर्तो कुठंय! मी आकाशाकडे बघतोय. मेंदोसाचा माणूस जसा बघेल तसा. आता मेंदोसाचा माणूस आकाशाकडे कसा बघतो मला काय ठाऊक? पण बघत होतो. आणि पाव खात होतो.

अशा रीतीनं, तुम्हाला सांगतो, आम्ही वळलो आमच्याच गल्लीत. माझं घर! पत्र्याच्या भिंती, पिवळा रंग, वर एक निळी खिडकी. आत ओर्तेन्सिया, हे मला माहीत, यास्नाला माहीत. मला वाटलं आता पोर झपाझप पुढे नेईल. पण नाही! ती थांबली. मागे वळून बघितलं तिनं. कुणाचंच लक्ष नाही. ब्राझील भिंतीला टेकलेलं, उरुग्वे घड्याळ बघतेय. पोरीचा ओठ असा थरथरला... मला वाटलं आता रडते. आणि ती बोलली!

'ही खिडकी,' असा खालचा आवाज, मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, 'ही खिडकी तीस वर्षं बंद झालेली नाही.'

नाहीच झालेली! बिजागरी गंजलीये! पण मी गप्प.

'इथे एक बाई राहते. तिचा नवरा खलाशी होता. एलिसेओ त्याचं नाव. लग्नाला आठ दिवस झाले होते. तो म्हणाला, मी आलोच. आणि गेला. दक्षिणेला, भूशिराच्या वादळात... जहाज बुडालं. सगळे बुडाले.'

कोण एलिसेओ? अहो त्या घरात एकच नवरा आहे, तो मी! म्हणजे बुडालो कोण? मी! आठ दिवसांत! बोटीत पाय न ठेवता!

'पण तिनं मानलं नाही,' यास्ना म्हणाली. 'तिनं काळे कपडे घातले नाहीत. रोज सकाळी ती त्या खिडकीत येते, खाली बंदराकडे बघते...'

आणि काय सांगू, सगळं थांबलं हो! ब्राझीलवालीनं नवऱ्याचा हात घट्ट धरला, जसा काही तोच दुपारच्या बोटीनं निघालाय. उरुग्वेच्या बाईंचा रुमाल सुरू. जर्मनानं पेन काढलं आणि लिहिलं नाही, नुसतं धरून उभा. मागची टिकटिक बंद! यास्नानं माझ्याकडे बघितलं, असं बघितलं, काका, आता काही बोलू नका... आणि खरं सांगतो, तो नवरा मीच, हे मीही विसरलो. म्हटलं बिचारा एलिसेओ! बिचारी ती बाई!

तेवढ्यात त्या बाईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

डोक्याला कर्लर लावलेले, हातात माझी ओली बनियन. ओर्तेन्सिया! आणि ती बघतेय सरळ माझ्याकडे! मी सकाळी साडेसातला पावाला गेलेला माणूस, साडेअकरा वाजलेत, आणि मी पाहुण्यांच्या घोळक्यात उभा! तिनं तोंड उघडलं... म्हटलं गेलं! पोरीची नोकरी गेली, माझी अब्रू गेली, आता जे काही ती म्हणेल ते जर्मन लिहून घेईल!

पण ओर्तेन्सिया म्हणजे ओर्तेन्सिया. खिडकीमागून तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं यास्नाकडे बघितलं. वहीवाल्या मॅडमकडे बघितलं. रुमालाकडे बघितलं. मग बनियन छातीशी धरली, आणि काय आवाज लावला!

'एलिसेओ...! एलिसेओ, तूच ना रे?'

उरुग्वेच्या बाईंनी किंकाळी फोडली. 'आला! अगं बाई, आला तो!' ब्राझीलवाला मला मिठी मारतोय, जर्मनाच्या चष्म्यावर धुकं, कुत्री भुंकतेय, शेजारच्या खिडक्या पटापट उघडल्या. आणि सगळे बघतायत माझ्याकडे, की तीस वर्षांनी हा पहिलं काय बोलणार?

आणि मी? मी गप्प! शब्द दिला होता, आणि तोंडात पाव होता.

'बघा,' उरुग्वेच्या बाई हुंदके देत, 'बिचाऱ्याला बोलवत पण नाही!'

ओर्तेन्सिया धावत खाली आली, कर्लरसकट, आणि माझ्या गळ्यात पडली. टाळ्या! अहो काय टाळ्या! आणि त्या टाळ्यांच्या आड माझ्या कानात पुटपुटली, 'पाव कुठाय?'

पिशवीत चुरा उरला होता हो. चार मार्राकेतांचा चुरा.

बरं, पाहुणे पांगले. यास्ना भिंतीशी उभी, छत्री घट्ट धरून. इर्मा मॅडम सावकाश आल्या, वही मिटलेली. मी म्हटलं आता माझा शब्द संपला, आता बोलतो! 'मॅडम, पोरीचा काही दोष नाही, मी मेंदोसाचा नाही, मी...'

'तुम्ही असेन्सोरचे दोन नोल्बेर्तो,' त्या म्हणाल्या. 'शाळेत असताना मी रोज तुमच्याच गाडीतून वर जायचे. तुम्ही मला सगळे पाढे म्हणायला लावायचात, आणि सतराचा चुकीचा सांगायचात. चौकात बघताक्षणी ओळखलं.'

'मग... सुरुवातीपासून?'

'सपातांवरून तर नक्कीच.' आणि पहिल्यांदा हसल्या हो त्या! मग यास्नाकडे वळल्या. 'आकडे निम्मे कर. आणि ती गोष्ट गोष्टच आहे, हे शेवटी लोकांना सांगायचं, त्यांना फसवायचं नाही. बाकी उद्यापासून तू कायम.'

पोर असं रडली, असं हसली, माझ्या शर्टाचं पार पोतेरं केलं. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं चला, सुटलो! कसला सुटतोय! मॅडम जाता जाता म्हणतात, 'आणि हे दोघं रोज लागतील. अकरा वाजता.'

तेव्हापासून, तुम्हाला सांगतो, मी रोज बुडतो. रोज खाली जायचं, एकशे बेचाळीस पायऱ्या चढून यायचं, खिडकीखाली उभं राहायचं, आणि गप्प! बोललो तर सगळी मजा जाते म्हणे. आणि ओर्तेन्सिया! अहो, सकाळी आठपासून आरशासमोर, ओठाला रंग, खांद्यावर शाल. खिडकीत येते आणि खरंखुरं पाणी काढते डोळ्यांतून! मग अशी धावत येते, अशी मिठी मारते की माझ्या बरगड्या वाजतात. एकेचाळीस वर्षं झाली लग्नाला, मी रोज घरी आलो, वेळेवर आलो, एकदा तरी ही जिन्यापर्यंत आली होती का? पण खोटं कशाला बोलू, मला सवय लागली हो त्या मिठीची. साडेदहा वाजले की कसं धडधडायला लागतं, या वयात.

परवा सोमवार होता. सोमवारी फेरी नसते. तरी मी आपला उगीचच खाली गेलो. उगीचच एकशे बेचाळीस पायऱ्या चढलो. चांगला शर्ट घातला होता, केस विंचरले होते. खिडकीखाली येऊन उभा राहिलो. गल्लीत चिटपाखरू नाही. अकरा वाजले. वर पडदा हलला... ओर्तेन्सियानं डोकं बाहेर काढलं, खाली बघितलं, मला नखशिखांत न्याहाळलं. मी नुसता वर बघतोय. गप्प.

म्हणाली, 'आज सुट्टी आहे. मागच्या दारानं ये, पुढची फरशी आत्ताच पुसलीये.'

गेलो मागच्या दारानं. काय करता!