भर मुलाखतीत गेलेली बॅटरी

— नाई साहेब, तसं नाई. मांगचं झाकन उघडायच्या आंधी माहं ऐका तं. हिंमतराव सरपंचानं अर्ज केला, आन् तुमी बुलढान्याहून यष्टीत हाडं मोडून घेत इथलोक आले, ठीकच केलं — सरकारी मेकॅनिक मानूस, अर्ज आला का यावंच लागते. पन अर्जात काय लिवलं? 'रेडिओ सांभाळणारा कडूबा याच्या हयगयीमुळे बॅटरी संपली.' हयगय! मी! साहेब, तीन वर्सं झाले पंचायतीचा रेडिओ या चावडीत येऊन, आन् या बॅटरीले मी जेवढं जपलं तेवढं माह्या बापानं मले नाई जपलं. दुसऱ्या गावाची बॅटरी चार मईन्यात बोंबलते, आपली आठ मईने चालते. काऊन? मी रेडिओले झोपवतो म्हनून! शेतकऱ्यायचा कार्यक्रम, बातम्या, एखांदं गानं — बस, खटका बंद, वरून गोनपाट, झोप बे आता. लोक मायबहिनीवरून बोलतात, बोलू द्या. मांगं एकदा भजन चालू होतं, तो बुवा एकाच ओयीवर पाव घंटा फिरून राह्यला — मी म्हनलं देवाले एवढ्यात समजलं असंन, आन् केला बंद. कचरू भजनी पायातलं काढून मांगं धावला माह्या. धाव म्हनलं, बॅटरी तं वाचली! आवाज वाढवा म्हनतात — काऊन वाढवू? ऐकू येत नाई तं सरकून बसा, बॅटरी काय तुमच्या कानाची नोकर हाये? अन् मज्या पाहा साहेब, रेडिओ चालू असला का कडूबा कोनालेच दिसत नाई. बंद झाला का मंग बरोबर दिसते.

हं, उघडा. लावा तुमच्या मीटरची सुई. तवरी त्या दिवशीचं सांगतो.

सरपंचाले नागपूर केंद्रानं बलावलं होतं, मिरचीवर बोलाले. दोन वर्सांमांगं साऱ्या शिवारात बोकड्या आल्ता मिरचीवर — पान असं मुठीवानी आकसते, झाड उभ्या जागी वायते, सुकून जाते — आन् आपल्या गावची मिरची वाचली. कोनं वाचवली? माह्या बायकोनं! पंचफुलानं! तंबाखू उकयली, फडक्यातून पानी काढलं, त्यात राख कालवली, आन् झाडनी बुडवून बुडवून पानापानावर शिंपडलं. लोक हासले. सरपंच तं पोट धरून हासला. मंग आठ दिवसानं एकेक जन येऊन पुसू लागले, तंबाखू किती, राख कशाची — सरपंच बी आला, मांगच्या दारानं. आता नागपूरले निघाला तवा मी यष्टीपाशी जाऊन म्हनलं, सरपंच, तेवढं पंचफुलाचं नाव घेजा. म्हने, "घेतो ना कडूबा, पयलंच नाव तिचं." मी अक्कलशून्य मानूस, घरी येऊन सांगून टाकलं. झालं! तिनं संग्रामपूरच्या बाजारात बहिनीले सांगितलं, बहिनीनं आपल्या सासूले, सासूनं — सासूले काय, दोन पाय अन् एक तोंड, तालुकाभर.

तिथं बोलनं भरून घेतलं, आन् ते रेडिओवर लागनार होतं त्या सांजीले इथं पाय ठेवाले जागा नाई. पंचफुला अशी सामोर, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर — रेडिओतून लोकायले दिसनार हाये जशी! सरपंच खुर्चीवर, सोताचाच आवाज ऐकाले आलेला. मी रेडिओच्या मांगं, खटक्यापाशी. सुरू झालं. ते रेडिओवाली बाई पुसते, "हिंमतराव, हा उपाय आपल्याला कुणी सुचवला?" सरपंच खाकरला — नागपुरात खाकरला, इथं ऐकू आलं — आन् म्हने, "कसं आहे, मी स्वतः यावर बराच विचार केला —" आन् गेली. बॅटरी गेली.

काय? सुई चढली? किती?... असं कसं होईन. तुमची सुई खोटी असंन, टिचकी मारा तिले. परत लावा. परत चढली?... आता झोपून झोपून ताजी झाली असंन, मानसाचं नाई होत का? हासू नका साहेब. हासू नका, माह्या घरादाराचा सवाल हाये.

बरं. मीच केला बंद.

'मी स्वतः' म्हनला ना, तवाच मले समजलं, हा गडी आता मांगं फिरत नाई. आन् पंचफुलाचं तोंड मले दिसून राह्यलं होतं — जरासं उघडं, जसं कोनी घास भरवून राह्यलं. पुढचं वाक्य येऊ देलं असतं तं त्या हिरव्या लुगड्यात, साऱ्या गावापुढं, ते बाई कुठं पाह्यली असती? सांगा ना! माहं बोट सोताच गेलं खटक्यावर. आन् मी वरडलो — मेली, बॅटरी मेली! सरपंच शिव्या देत उठला. अन् पंचफुला? घरी जायलोक दम नाई निघाला तिले. "तीन वर्सं बॅटरी बॅटरी करून जीव खाल्ला माहा, आन् माह्या नावावरच मेली? जयो तुमची बॅटरी!" तवापासून भाकर ताटात आपटते, भाजीत मीठ नाई. पन साहेब, बायायले काय सांगते मालूम? "नाव सरपंचाच्या ओठावर आलं होतं वं." सरपंच बी गप. त्याले कोन्त्या तोंडानं नाई म्हनता येते? बाजूच्या गावात कोनी ऐकलं असंन म्हनान, तं तिथला रेडिओ दिवायीपासून तुमच्याच हापिसात पडून हाये. राहू द्या, त्याची घाई नाई.

तवा तुमी एवढंच लिवा — बॅटरी मेली होती. हयगय लिवा, कडूबाले हाकला लिवा, द्या रेडिओ कचरूले, तो मईनाभरात बॅटरीचा जीव घेईन. पन 'बॅटरी चांगली' लिवलं ना, तं सरपंच तो कागद इथंच वाचून दाखवीन, आन् मंग पंचफुला पुसंन मले — काऊन बंद केला? काय सांगू तिले? तुमचं लगीन झालं का साहेब? मंग? तुमीच सांगा, काय सांगू?

श्श्. ते येऊन राह्यली. चहा घेऊन. लावा, लावा ते झाकन, सुई खिशात घाला —

काय नाई वं. साहेबाले बॅटरी दाखवून राह्यलो. हाव, पाह्यली त्यायनं. चांगली पाह्यली. आता मेली होती का नाई, मले काय पुसतं? इथंच बसले हायेत, त्यायलेच पूस. पूस ना.

सांगा साहेब तिले.

साहेब?