लिस्बनला जाणाऱ्या मुलीसाठी लिहिलेली चार पाने

दिनांक १४ मार्च २००१, बुधवार, सकाळी ११ वाजता. दुबईतील पोलीस ठाणे, पहिला मजला.

नाव: व्हेरोनिका बाप्टिस्ट परेरा. वय: ४४ वर्षे. धंदा: नोकरी, हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर. सध्या राहणार: अल नहदा, शारजा. मूळ गाव: गास, तालुका वसई, जिल्हा ठाणे.

मी वर लिहिलेली व्हेरोनिका, ठाण्यात समोर बसून, माझ्या तोंडाने सांगते ते असे की, मला आज सकाळी ड्युटीवरून बोलावून आणले. जबाब लिहून घेणारे दुभाषी रफिक हे मूळचे श्रीवर्धनचे. त्यांचे वडील तिकडे पोलिसात रायटर होते, म्हणून जबाब कसा लिहितात ते त्यांना ठाऊक आहे. आधी माझ्यापुढे अरबीत टाइप केलेला कागद सहीला ठेवला होता. मला अरबी वाचता येत नाही. मी सही केली नाही. लेफ्टनंट अहमद यांनी राग न धरता सांगितले की तिच्या भाषेत घ्या, मग तर्जुमा करा. त्याप्रमाणे हे चालले आहे.

तक्रार करणाऱ्या हेमा मॅडम आणि त्यांचे पती संजय साहेब, राहणार अल बर्शा, यांना मी ओळखते. १९९५ ते १९९९ मी त्यांच्या घरी कामाला होते. साहेबांच्या कंपनीचे एक ऑफिस पोर्तुगालमध्ये लिस्बन शहरात आहे. एप्रिल १९९८ ते फेब्रुवारी १९९९ असे अकरा महिने मी त्यांच्याबरोबर तिथे कंपनीच्या फ्लॅटमध्ये राहिले. नंतर मी नोकरी सोडली. का सोडली ते मला आज कोणी विचारलेले नाही.

मॅडमची तक्रार मला वाचून दाखवली. तीत म्हटले आहे की, माझ्या चिथावणीमुळे त्यांची कामवाली कावेरी, वय २६, मूळ राहणार चिपळूणजवळ, ही २८ जानेवारी २००१ रोजी लिस्बनच्या फ्लॅटमधून पळून गेली, आणि जाताना एक पासपोर्ट व एक कोट चोरून नेला. पुरावा म्हणून माझ्या हस्ताक्षरातली चार पाने जोडली आहेत. ती कावेरीने जाताना स्वयंपाकघरात डाळीच्या डब्याखाली ठेवली होती. अक्षर माझेच आहे. तिला ती पाने पाठ झाली होती, म्हणून ठेवून गेली असेल.

ही पाने कोणी लिहायला सांगितली, तर हेमा मॅडमनी. ऑगस्ट २००० मध्ये त्यांचा मला फोन आला. "व्हेरोनिका, आम्ही परत वर्षभर जातोय. नवी मुलगी अगदी बावळट आहे गं, तिला टिप्स लिहून दे ना, तुला सगळं माहीत आहे." मी शुक्रवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, दोन बस बदलून अल बर्शाला गेले. किचनच्या टेबलावर बसून मॅडमच्याच निळ्या पेनाने लिहिले. मॅडम शेजारी बसून मध्ये मध्ये सांगत होत्या. कावेरी सिंकपाशी भांडी घासत ऐकत होती. आज त्या म्हणतात मी गुपचूप लिहिले. इतके धडधडीत खोटे बोलताना माणसाला कसे काही वाटत नाही, ते मला कळत नाही.

निळ्या शाईतले लिहिणे असे आहे. पिवळ्या ट्राममध्ये पर्स पोटाशी धरावी, पाकीटमार फार. रस्ते चढउताराचे आणि दगड गुळगुळीत, पावसात दुबईच्या चपला घालून निघू नये, कंबर मोडेल. हिवाळ्यात घरात बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी असते, हीटर एकच, तो मुलांच्या खोलीत. कपडे खिडकीबाहेरच्या दोरीवर दुपारच्या आत घालावेत. खारवलेला सुका मासा दोन दिवस भिजवावा आणि पाणी चार वेळा बदलावे, आपल्या सुक्या बोंबलासारखा धुऊन टाकला तर तोंडात घालवत नाही. कोथिंबीर भरपूर मिळते. तूरडाळ, हळद, हिंग रुकय्याबेनच्या दुकानात, त्या मोझांबिकहून आलेल्या गुजराती, हिंदी बोलतात. हॉटेलात न मागता ब्रेड आणि ऑलिव्ह आणून ठेवतात, ते फुकट नसतात, खाल्ले तर बिलात येतात. हे शेवटचे मॅडमनी मुद्दाम लिहायला लावले, कारण त्यावरून त्यांनी तिथल्या वेटरशी अर्धा तास भांडण केले होते आणि आम्ही सगळे माना खाली घालून बसलो होतो.

एक गोष्ट मी माझ्या मनाने लिहिली. तिथे दुकानांच्या पाट्यांवर परेरा, लोपीस, डिमेलो अशी आमच्या वसईची आडनावे दिसतात. पहिल्या आठवड्यात मी एका परेराच्या औषधाच्या दुकानात शिरले आणि आपलेच कोणी भेटल्यासारखे त्याच्याकडे बघून हसत उभी राहिले. त्याला वाटले मला काही तरी फुकट पाहिजे. म्हणून कावेरीला लिहिले की आडनावावर जाऊ नये, माणूस बघावा.

पुढचे अर्धे पान काळ्या शाईत आहे. मॅडम फोन घ्यायला वर गेल्या आणि पेन घेऊन गेल्या. मी माझ्या पर्समधले काळे पेन काढले. मॅडमना जे हवे होते ते निळ्या शाईत झाले होते. काळ्या शाईतले कावेरीसाठी होते, आणि ते मी नाकारत नाही. लेफ्टनंटसाहेबांनी एकेक ओळ विचारली, मी एकेक ओळ सांगते.

फोनकार्ड घ्यावे, मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर बूथ आहे, माझा नंबर खाली दिला आहे. यात गुन्हा काय आहे?

फ्लॅटचे दार बाहेरून दोनदा किल्ली फिरवली की आतून उघडत नाही. पहिल्याच दिवशी आपली किल्ली मागावी. आग लागली तर काय करू, असे विचारावे, म्हणजे नाही म्हणता येत नाही. हे मला कसे माहीत, असे मला विचारले. अकरा महिने त्या दाराच्या आत मी होते. रफिक यांनी यापुढचे काही लिहू का विचारले. नको.

इस्त्रीच्या कपाटाच्या दारामागे तपकिरी कोट आहे तो घालावा. तो कोट मी १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या मंगळवारच्या जुन्या बाजारात घेतला, इथल्या हिशेबाने चाळीस दिरहम पडले, म्हणजे तेव्हाचे साडेचारशे रुपये. येताना बॅगेत जागा नव्हती म्हणून ठेवला. उजव्या खिशाचे अस्तर मी लाल दोऱ्याने शिवले आहे. माझा कोट मी कावेरीला दिला. मॅडमचा तो कधीच नव्हता, त्यांनी तो हातातसुद्धा धरला नसता.

एअरपोर्टवर पोलिसांच्या काउंटरला ज्याचा पासपोर्ट त्याच्या हातात द्यावा लागतो. काउंटर ओलांडले की मॅडम हात पुढे करतात आणि आपण सवयीने देतो. देऊ नये. असे मी लिहिले आहे, आणि दहा वेळा लिहीन. कावेरीने मात्र दिला. नवी होती, धीर झाला नाही. तो पासपोर्ट मॅडमच्या कपाटात हिरव्या डब्यात होता, तिथून तिने घेतला. त्याला तक्रारीत चोरी म्हटले आहे. त्या पासपोर्टवर फोटो कोणाचा आहे? नाव कोणाचे आहे? आपल्या नावाची वस्तू आपण घेतली तर चोर, आणि दुसऱ्याच्या नावाची डब्यात कोंबून ठेवली तर मॅडम, हा कुठला कायदा, ते मला समजावून सांगावे. रफिक यांनी ते अरबीत सांगितले. लेफ्टनंटसाहेबांनी ती ओळ अधोरेखित केली.

ती का गेली हे तक्रारीत नाही, म्हणून सांगते. रविवार, २१ जानेवारीला संध्याकाळी पाच वाजता कावेरीचा मला बूथवरून फोन आला. कार्डाचे युनिट संपायच्या आत तिने भराभर सांगितले. तिच्याकडून कळले ते असे. ९ जानेवारीला तिचे वडील गावी वारले. भावाने लिस्बनच्या फ्लॅटवर फोन केला. तो मॅडमनी घेतला. मॅडमनी तिला सांगितले नाही. त्या आठवड्यात घरी साहेबांच्या ऑफिसच्या लोकांची दोन जेवणे होती. ती दोन्ही जेवणे कावेरीने रांधली, पुऱ्या तळल्या, श्रीखंड केले. बारा दिवस ती त्या घरात गोडधोड करत होती आणि तिकडे तिच्या बापाचे दिवस चालले होते. शेवटी तिला सांगितले साहेबांच्या नऊ वर्षांच्या मुलीने, अस्मीने. नाश्त्याला दूध देताना पोर म्हणाली, "कावेरी दीदी, युवर फादर इज डेड. डिडन्ट मम्मी टेल यू?"

मुलीचा यात काही दोष नाही. ती माझ्या अंगाखांद्यावर वाढली आहे.

कावेरीने मॅडमना विचारले. मॅडम म्हणाल्या, "सांगून काय झालं असतं? तिकीट मिळेपर्यंत सगळं आटोपलंच असतं." तिने घरी जायचे तिकीट मागितले. अस्मीची परीक्षा झाली की बघू, असे उत्तर मिळाले. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोनवर तिला सांगितले: काळ्या शाईतले परत वाच. चिथावणी म्हणतात ती हीच असेल तर ती मी दिली. त्यानंतरचा रविवार २८ तारखेचा. घरातले उठायच्या आधी, उजाडल्यावर, चहा थर्मासमध्ये भरून, ओटा पुसून, कोट घालून ती निघून गेली.

आज दहा वाजता ठाण्याच्या जिन्यात संजय साहेब मला भेटले. म्हणाले, "व्हेरोनिका, ॲड्रेस दे, खलास. हेमा केस विथड्रॉ करेल. मी कावेरीच्या व्हिसाची गॅरंटी दिलीये, मला ती परत पाहिजे. नाहीतर तुझ्या हॉटेलच्या एच.आर.मध्ये माझा मित्र आहे." हे त्यांनी हसत हसत, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटले. मी हात काढला.

कावेरी कुठे आहे असे मला लेफ्टनंटसाहेबांनी तीन वेळा विचारले. मला माहीत नाही असे मी म्हणणार नाही, कारण हा जबाब खरा द्यायचा असतो. मला माहीत आहे. ती सुखरूप आहे, काम करते, तिच्या खोलीची किल्ली तिच्याकडे आहे. पत्ता मी देणार नाही. यामुळे माझा व्हिसा रद्द होऊ शकतो, हे रफिक यांनी मला दोनदा मराठीत समजावले. मला समजले आहे. मुलगा मार्क वसईला बारावीत आहे, त्याची फी माझ्या पगारातून जाते, हेही मला समजते. पत्ता देणार नाही.

आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावरून सांगते. बाहेर बाकावर हेमा मॅडमशेजारी एक नवी मुलगी बसली आहे, मांडीवर मॅडमची पर्स धरून. मी तिला नाव विचारले, तर उत्तर मॅडमनी दिले. पुढच्या महिन्यात परत जाताना तिला लिस्बनला नेणार आहेत. तिला मराठी वाचता येते, माझ्या पर्समधल्या मराठी कॅलेंडरावरून तिने मला आजची तारीख वाचून दाखवली. माझी मूळ पाने ठाण्यात जमा आहेत, ती राहू देत. मी आज रूमवर जाऊन ती परत लिहिणार आहे, सगळी काळ्या शाईत, आणि तिला देणार आहे. हेही लिहून घ्यावे.

वरचा सगळा मजकूर रफिक यांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोलले तेच त्यात आहे. दोन ठिकाणी "पळून गेली" लिहिले होते. मॅडमच्या तक्रारीतले तसेच ठेवले, माझ्या बोलण्यातले खोडून "निघून गेली" केले. थोडे सौम्य करून लिहू का, असे रफिक यांनी शेवटी विचारले. नको म्हटले आणि सही केली.

व्हेरोनिका बाप्टिस्ट परेरा