स्क्रीनचं कुंकू

लायब्ररीत काम करणारी शेंबगम कॅन्टीनमध्ये कॉफीच्या रांगेत उभी होती. तिच्यापुढे कॉलेजच्या नेटवर्क विभागाचे दोघे होते. एक तरुण साहेब कदिरवेल आणि दुसरे, कुंकवाची पुडी हातात धरलेले जुने तंत्रज्ञ दंडपाणी.

“साहेब, उद्या आयुधपूजा. कपाटांच्या चाव्या द्या. सगळ्या इमारतींतल्या नेटवर्क स्विचना कुंकू लावून येतो.”

“आता कशाला पायपीट, अण्णा? नवे स्विच नुसती वायर जोडली की आपली सेटिंग आपणच घेतात. सगळा कारभार माझ्या खोलीतल्या एका स्क्रीनवरून चालतो.”

“ते कळतंय. उन्हाळ्यापासून मला कुठं जावंच लागलं नाही.”

“मग त्या स्क्रीनलाच कुंकू लावा. सगळ्यांना पोचलं म्हणायचं.”

“बरं. उद्या पूजेला तुम्ही आहात ना?”

“छे, संध्याकाळी गावी निघतोय. बाइकवर.”

“धारापुरमपर्यंत बाइक कशाला? बसनं जा की.”

“बसनं कसा जाऊ? वडील ट्रॅक्टरची पूजा करतात, तेव्हाच माझ्या बाइकलाही कुंकू लावतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. त्यांचाच हात लागतो दरवर्षी.”

“बाइक इथंच राहू दे, साहेब. तिकडं ट्रॅक्टरला कुंकू लागलं, की हिला इथं पोचेल.”

रांग पुढं सरकली. कदिरवेलनं दोन कॉफी सांगितल्या.

“चाव्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत. कुंकू कोरडंच लावा, अण्णा. पाणी शिंपडू नका.”

“आधी लायब्ररीत या,” मागून शेंबगम म्हणाली. “प्रसादाचे चुरमुरे मी आणते.”