दोघांवर एक पदर

पैठणच्या एसटीची वाट बघत बसलेल्या सुलेखाच्या कानावर शेजारी तान्ह्या बाळाला पाजत बसलेल्या सुनेचं आणि तिच्या सासूचं बोलणं पडत होतं.

"पितंय कुठं हे? हॉर्न वाजला की तोंड सोडतंय. पदर टाक त्याच्या तोंडावर."

"नको, आत्याबाई."

"अगं, झाकल्याबिगर पिणार नाय. बापासारखंच, सगळ्या गावाची खबर पायजे."

"झाकलं तर मला दिसत नाय तो. गाडी लागली की तुम्ही त्याला घेऊन जाणार. उद्यापासून मी कंपनीत, अन् त्याला बाटली."

"शनिवारी येशीलच की."

"अन् तवर?"

सासूनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"सरक इकडं. माझा पदर धरते दोघांवर. त्याला एसटी दिसायची नाय. तू बघ त्याला डोळं भरून."