कोरं कार्ड

सर्व्हिस सेंटरच्या रांगेत दोन शेजाऱ्यांची जुंपली होती. एक शिंपी, दुसरे रिटायर्ड मास्तर. मास्तरांनी महागडा अँप्लिफायर तान्ह्या पोरासारखा छातीशी धरलेला.

"मास्तर, हा फुकटात दुरुस्त झाला, तर इथेच दहा उठाबशा काढतो."

"नाही झाला तर मी काढतो, कान धरून. पाच वर्षांची वॉरंटी आहे, लेका!"

"कंपनी तोंडाला पानं पुसणार, बघा."

"पुढचे या," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "रजिस्ट्रेशन नंबर?"

"हे बिल, हे कार्ड."

"कार्ड कोरंच आहे, आजोबा. तीस दिवसांत भरून पाठवायचं असतं. नाहीतर वॉरंटी लागू होत नाही."

"तेव्हा आम्ही हॉस्पिटलात होतो, बाळ."

"पाच मिनिटांचं तर काम."

"बायकोनं घेतला माझ्यासाठी, स्वतःच्या फंडातून. म्हणाली, तुमचं अक्षर म्हणजे मुंग्या. घरी आले की मीच भरते."

"मग त्यांनाच घेऊन या. बिल त्यांच्या नावावर आहे."

"ती घरी आलीच नाही."

"...मग दाखला जोडून अर्ज करा. पण मुदत उलटलीय, उपयोग नाही व्हायचा. पुढचे या."

"चला मास्तर, घरी जाऊ. मी आपली मस्करी केली."

"हा धर. नीट धर, आपटशील."

"अहो, लोक बघतायत!"

"बघू देत. काम उद्यावर टाकणाऱ्या पोरांना मी हीच शिक्षा द्यायचो."

मास्तरांनी कान धरले.

"मोज."

"एक," शिंपी पुटपुटला.

"मोठ्यानं!"